उबाळे आणि हिवाळे बाबांची पत्रं

प्रभाकर उबाळे ड्रमला सहा वेळा नापास झाले. ओमानमध्ये गाडीचं लायसन काढायचं तर आधी तेलाच्या पिंपांमधून गाडी उलटी घालून दाखवावी लागते, त्याला सगळे ड्रम म्हणतात. पाच वेळा त्यांनी पिंप पाडलं. सहाव्या वेळी पिंप नुसतं हललं. परीक्षा घेणारा पोलीस तेवढ्यात कुणाशी तरी बोलत होता. त्याने मान वर करून "पास" म्हटलं, आणि आमचे उबाळे खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणाले, "सर, टच हो गया." पोलीस त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि "खलास, नेक्स्ट मंथ" म्हणून त्याने कागद परत दिला.

त्यानंतर ते पुन्हा गेलेच नाहीत. म्हणाले, "दमलो बुवा." आणि म्हणून पुढची पाच वर्षं मी त्यांचा ड्रायव्हर झालो.

रुसैलला पाइप बनवण्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी राणे, स्टोअरकीपर, मूळचा लांज्याचा. ते नगरकडचे, ख्रिस्ती, डॉक्युमेंट कंट्रोलर. कारखान्यातलं प्रत्येक ड्रॉइंग, त्याची प्रत्येक सुधारलेली आवृत्ती त्यांच्या टेबलावरून जायची. नवीन आवृत्ती आली की ते स्वतः उन्हातून शॉपवर, म्हणजे मशीनं चालायची त्या शेडमध्ये, जात, फिटरच्या हातातला जुना कागद काढून घेत आणि त्याच्यासमोरच फाडत. फिटर शिव्या द्यायचे. उबाळे ऐकून घ्यायचे, रुमालाने मान पुसायचे आणि पुढच्या मशीनकडे जायचे. कुठलाही कागद हातात आला की तीन प्रश्न ठरलेले: "कोणी लिहिलं? कोण वापरतंय? कशाशी जुळतं?" मी एकदा माझ्या मुलीचं प्रगतिपुस्तक दाखवलं, तर त्याच्यावरही सही शोधायला लागले.

ऑफिसची टपालपेटीही त्यांच्याकडेच. तिथे पोस्टमन दारात येत नाही. पोस्टात कंपनीचा एक बॉक्स असतो आणि त्याची किल्ली एकाकडे असते. ती किल्ली उबाळ्यांच्या पट्ट्याला लोंबकळत असायची. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या ते पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

शुक्रवारी मी त्यांना रुवीला सोडायचो. तिथल्या चर्चच्या आवारात दिवसभर एकामागून एक भाषा बसायच्या. मराठी मंडळीला मल्याळींनंतर आणि तेलुगूंच्या आधी दीड तास मिळायचा. चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी कामगारांच्या कँपमधून कंपनीच्या बसने आलेली, आठवडाभराच्या कामाने मोडलेली. पाळक कायमचा नव्हता. शास्त्रवाचन उबाळे करायचे. त्यांचा आवाज काही खास नव्हता, पण ते वाचायला लागले की डुलक्या घेणारी माणसं जागी व्हायची. मी एसीसाठी मागच्या बाकावर बसायचो. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी तेवढ्यासाठीच.

उपासना झाली की बाहेर शेडखाली चहा, आणि चहाबरोबर उबाळ्यांचा वर्ग. पवित्र शास्त्र हे आज आहे तसं कसं झालं, एवढा एकच विषय त्यांनी दोन वर्षं पुरवला. समोर वेल्डर, फोरमन, दोन-तीन नर्सेस. उबाळे थर्मासमधला कोरा चहा ओतत सांगायचे.

"तुम्हाला वाटतं, वरून बांधलेलं पुस्तक पडलं. तसं नाही. आधी नुसती पत्रं होती. पौल एका गावच्या मंडळीला पत्र लिहायचा, ते लोक वाचायचे, नक्कल करून शेजारच्या गावाला द्यायचे. शुभवर्तमानंही तशीच, हातोहात. यादी कुठे होती? एका गावात एक कागद वाचायचे, दुसऱ्या गावात तो माहीतही नव्हता. तीनशे-चारशे वर्षं हेच चाललं होतं."

"मग ठरवलं कोनी?" भिंगारदिव्यांनी विचारलं. हे भिंगारदिवे नेवाशाकडचे, खाबुऱ्याला एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, शेतावर पंप सांभाळायचे. अडीच तास टॅक्सी बदलत महिन्यातून एकदा यायचे.

"एका दिवशी कुणी बसून हात वर करून नाही ठरवलं. लोक वाचत राहिले, ते राहिलं. पण विचारायचे. हे प्रेषिताचं आहे का, किंवा त्याच्या जवळच्या माणसाचं? सगळीकडच्या मंडळ्या वाचतात का? आपल्याला जे शिकवलं त्याच्याशी जुळतं का?"

म्हणजे ते तीन प्रश्न त्यांनी कारखान्यातून चर्चमध्ये नेले होते, की चर्चमधून कारखान्यात आणले होते, हे मला कधी कळलं नाही.

एका बिशपची गोष्ट ते खुलून सांगायचे. एका मंडळीने त्याला विचारलं, पेत्राच्या नावाचं शुभवर्तमान मिळालंय, वाचू का? बिशप घाईत होता. न वाचताच म्हणाला, वाचा. नंतर वाचून बघितलं, तेव्हा डोक्याला हात लावला आणि परवानगी मागे घेतली. "आपले मॅनेजर रोज हेच करतात," असं म्हणून उबाळे हसायचे. त्यांचं हसणं म्हणजे खांदे दोनदा हलायचे, बस.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र सांगताना ते हसायचे नाहीत. पौल जाऊन शंभरेक वर्षं झाल्यावर त्याच्या नावाने कुणीतरी नवीन मजकूर रचला. शोध घेतला तर एक वडील माणूस सापडला, मंडळीतलाच, चांगला. का केलंस असं विचारलं तर म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी. त्याला पद सोडावं लागलं. ही गोष्ट सांगून झाली की उबाळे थर्मासचं झाकण लावायचे.

आता हिवाळे बाबा. हे निवृत्त पाळक. चाळीस वर्षं नगर, नेवासा, जालना करत त्यांनी गावोगावच्या मंडळ्या सांभाळल्या. रुवीतल्या निम्म्या लोकांचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा. म्हातारपणी ते जालन्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिथून त्यांनी उबाळ्यांना पत्र लिहायला सुरुवात केली, रुवीच्या मंडळीसाठी म्हणून. दीड-दोन महिन्यांनी एक पत्र यायचं. उबाळे ते चहाच्या वेळी शेडखाली वाचायचे आणि नंतर टाइप करून त्याच्या प्रती वाटायचे.

मी परका माणूस, पण त्या पत्रांची मीही वाट बघायचो. त्यांत उपदेश जवळजवळ नसायचाच. डाळ शिजत नसेल तर पाण्यात काय टाकावं, इथपासून ते कँपमधल्या सहा जणांच्या खोलीत एकटं कसं बसावं, इथपर्यंत सगळं असायचं. जालन्याच्या म्हाताऱ्याला आमच्या खोल्यांची इतकी बारीक माहिती कशी, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

त्या मधल्या काळात भिंगारदिव्यांची बायको गेली. अर्बाब दूर सलालाला गेलेला, पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि त्याला फोन लागेपर्यंत तिकडे माती झाली होती. तीन आठवड्यांनी भिंगारदिवे रुवीला आले. दाढी वाढलेली. चहा हातात घेतला आणि पितच नव्हते. उबाळ्यांनी खिशातून पत्र काढलं. म्हणाले, "बाबांचं आलंय. तुझ्यासाठी आहे, पण सगळ्यांसमोर वाचू का?"

पत्र लहान होतं. भिंगारदिवे, तू माती द्यायला नव्हतास म्हणून स्वतःला अपराधी समजू नकोस. मीही माझ्या आईच्या मातीला पोचलो नव्हतो. नेवाशाच्या मंडळीला मी निरोप धाडला होता. सगळ्यांनी आपापली मूठ टाकल्यावर एकाने तुझ्या वाटणीची मूठ वेगळी टाकली. ते काम झालेलं आहे. आता जेवत जा.

भिंगारदिवे होते तिथेच खाली बसले आणि रडले. मग तो गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. मीही रडलो. मला लाज वाटत नाही.

त्यानंतर मंडळीला त्या पत्रांचं वेडच लागलं. सेक्रेटरी वाघमारे, रुवीच्या एका पैसे पाठवायच्या एक्स्चेंजमध्ये कामाला, हौशी माणूस. त्यांनी पंचांसमोर ठराव मांडला: बाबांची सगळी पत्रं एकत्र बांधायची आणि दर शुक्रवारी उपासनेतच, शास्त्रवाचन झालं की त्याच जागेवरून एक पत्र वाचायचं.

उबाळे एकदम म्हणाले, "नको."

"का नको?"

"घरी वाचा. बसमध्ये वाचा. चहाला वाचतोच आहोत. पण तिथून नको. जुन्या काळीसुद्धा असे कागद होते, लोकांना फार आवडायचे. ते म्हणाले, चांगलं आहे, वाचा, पण उपासनेत शास्त्राच्या रांगेत बसवू नका."

"सर, तुम्ही ऑफिस इथंही आणता," वाघमारे म्हणाले. "लोकांना त्यातनं बळ मिळतंय. तुमचाच तो नियम ना, लोक वाचत राहतात ते राहतं?"

परतीच्या वाटेवर उबाळे डोळे मिटून बसले. मी म्हटलं, "एवढं काय ताणून धरता? बांधू दे की." ते म्हणाले, "राणे, फार दमलोय मी. गाडी चालव."

शेवटी वाघमाऱ्यांनीच तोडगा काढला: बाबांनाच लिहून विचारा. बाबा म्हणतील ते करू. उबाळे हो म्हणाले.

महिन्याभराने उत्तर आलं. त्या शुक्रवारी शेडखाली उभं राहायला जागा नव्हती. उबाळ्यांनी वाचलं. बाबांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं. माझी पत्रं म्हणजे म्हाताऱ्याच्या गप्पा आहेत, त्या शास्त्राशेजारी ठेवू नका. आम्हीही इथे दर शुक्रवारी उपासनेला बसतो तेव्हा शास्त्राशिवाय काही वाचत नाही.

लोक हिरमुसले, पण बाबांची नम्रता बघून आणखी भारावले. मला काहीच खटकलं नाही. गल्फमध्ये वर्षं काढली की शुक्रवार हाच रविवार होतो. मी स्वतः आईला फोनवर "आज रविवार ना" असं शुक्रवारी विचारलं आहे. तिथल्या चाळीस माणसांपैकी एकालाही ते कानाला लागलं नाही.

लागलं ते सुवार्ताला. ती नर्स, जालन्याहून नुकतीच आलेली, तिचा रुवीतला दुसरा की तिसरा शुक्रवार. गर्दी पांगल्यावर ती उबाळ्यांपाशी आली. मी शेजारीच कप गोळा करत होतो.

"सर, एक विचारू? जालन्याला उपासना रविवारी असते. शुक्रवारी नाही."

उबाळे थर्मासचं झाकण लावायला लागले.

"आणि बाबा आमच्याच गल्लीत राहतात. दीड वर्ष झालं, अंथरुणावर आहेत. मी त्यांचं ड्रेसिंग करायला जायचे. मुलीलाही ओळखत नाहीत ते." मग तिलाच भीती वाटली असावी. "मी कुणाला सांगणार नाही, सर."

"सांगायला पाहिजे," उबाळे म्हणाले. "पण तू नको. मी सांगतो."

गाडीत बसल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. मला खरंच राग आला होता; त्या लहान पत्रासाठी मी रडलो होतो आणि तो माणूस माझ्या शेजारी बसून दररोज डबा खात होता. ओरडून झाल्यावर मीच म्हटलं, "जाऊ द्या. ती मुलगी बोलणार नाही. दाबून टाका."

"पहिली चार त्यांचीच होती रे," ते म्हणाले. "पाचव्यात मधल्या मधल्या ओळी सुटलेल्या होत्या. त्या मी भरल्या. सहाव्यात एकच वाक्य तीनदा लिहिलं होतं. बाकीचं मी लिहिलं. नंतर आलंच नाही. आणि हे लोक बसमधून उतरले की आधी माझ्या खिशाकडे बघायचे."

"मग स्वतःच्या नावाने लिहायचं."

"कोण ऐकणार? मी कागद फाडणारा माणूस." मग म्हणाले, "आणि ते भरलेले शब्द बाबांच्याच आवाजात यायचे डोक्यात. खरं सांगतो."

पुढच्या शुक्रवारी शास्त्रवाचन संपवून ते खाली उतरले, मग पुढे येऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. कारणं दिली नाहीत. चार पत्रं बाबांची, पाचव्या-सहाव्यात भर माझी, त्यापुढची आठ पूर्ण माझी, बांधू नका असं सांगणारंही माझंच. ऑफिसात एखाद्या ड्रॉइंगची माहिती द्यावी तसे बोलले. बाहेर तेलुगू मंडळी जमायला लागली होती.

नेमके त्या शुक्रवारी भिंगारदिवे आले होते. ते उठून उभे राहिले.

"सर, ती मूठ. माझ्या वाटनीची. ती टाकली का न्हाई, तेवढं सांगा."

"मला माहीत नाही," उबाळे म्हणाले. "मी कुणालाही निरोप धाडला नव्हता."

भिंगारदिवे चपला घालून निघून गेले. त्यानंतर ते रुवीला आलेच नाहीत. उबाळ्यांनी दोनदा फोन केला, उचलला नाही. पंचांनी त्यांचं वाचन काढून घेतलं, वर्ग बंद झाला. लोकांनी पत्रांच्या प्रती टाकून दिल्या की ठेवल्या, कोण जाणे. त्याविषयी कुणी बोलायचं नाही. उबाळे मात्र दर शुक्रवारी येत राहिले. माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसायचे. पुढे दुसरा कुणीतरी अडखळत वाचायचा आणि ते ओठ हलवत राहायचे. मला ते बघवायचं नाही. मी एकदा म्हटलं, "कशाला येता? मी तरी थंड हवेसाठी येतो." ते म्हणाले, "वाचलेलं ऐकायला." एवढंच.

दोनेक वर्षांनी कंपनीने सगळी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर टाकली आणि उबाळ्यांचं काम संपलं. दुपारचं विमान होतं. मीच सोडायला निघालो. विमानतळाच्या अलीकडच्या मोठ्या चौकात, जिथे बातिनाकडून, म्हणजे खाबुऱ्याच्या बाजूने, येणाऱ्या टॅक्सी थांबतात, तिथे ते म्हणाले, "जरा थांब. भिंगारदिव्यांचा फोन आला होता. कुठे थांबणार विचारत होते."

भिंगारदिवे टॅक्सीच्या रांगेजवळ उन्हात उभे होते. केस पांढरे झालेले. नमस्कार नाही, सलाम नाही. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून ते मुठीचं पत्र काढलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती.

"सुट्टीवर गावाला गेल्तो," ते म्हणाले. "सगळ्यांस्नी इचारलं. कुनीच टाकली नव्हती."

उबाळ्यांनी रुमालाने मान पुसली.

"मंग कबरीपशी बसून ह्ये वाचलं, आन म्याच टाकली." त्यांनी कागद उलगडून गाडीच्या बॉनेटवर धरला. "सही करा."

उबाळ्यांनी खिशातलं पेन काढलं. "बाबांचं नाव खोडू का?"

"खोडू नगा. त्याच्या खाली लिवा."

उबाळ्यांनी लिहिलं. बॉनेट तापलं होतं, कागद दाबून धरताना त्यांचा तळवा भाजत असणार. नाव पूर्ण लिहिलं, प्रभाकर उबाळे, आणि खाली तारीख घातली. कागद परत देताना म्हणाले, "अजून वाचता?"

"वाचतो की. तुमचा राग येतो, तरी वाचतो."

कागद पिशवीत, पिशवी खिशात. खाबुऱ्याची टॅक्सी भरत आली होती, ड्रायव्हर यल्ला यल्ला करत होता. भिंगारदिवे मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये जाऊन बसले. टॅक्सी गेली तरी उबाळे रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते. विमानाला उशीर होत होता. मी दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठे ते आत येऊन बसले.